घोंगडीत ठेवलेला कॅमेरा

रंगनाथ अकराच्या एसटीनं येणार होता आणि कॅमेऱ्याचं कडं हलत नव्हतं.

दीड वर्षापूर्वी तो लेकाकडं पुण्याला राहायला गेला, तेव्हा कॅमेरा माझ्याकडं ठेवून गेला. चाळीस वर्षं जिंतूर, चारठाण्याकडची लग्नं-बारशी त्यानं ह्याच कॅमेऱ्यानं टिपली. मला अक्षरंही त्यानंच शिकवली, फोटोच्या पाठीवर नावं लिहायला लावून. जाताना म्हणाला, “लिंबाजी, जपून ठेव.” आम्ही मेंढरं पाळणारी माणसं. जपायची चीज आमच्यात लोकरीत जाते. मी तो नव्या घोंगडीत गुंडाळला आणि माळ्यावर ठेवला. लोकरीला तेलकटपणा असतो, ती ओल धरते, हे मेंढरांच्या बाबतीत मला ठाऊक होतं. कॅमेऱ्याच्या बाबतीत सुचलं नाही.

उद्या गंगाखेडला त्याच्या लेकीच्या, माधवीच्या घरी नातवाचं जावळ होतं. फोटो ह्याच कॅमेऱ्यानं काढायचा त्याचा हट्ट. आणि भिंगाच्या नळीवरचं ते कडं, जे फिरवल्यावर चित्र साफ होतं, जाम होऊन बसलं होतं. खाचेत लोकरीचे तंतू, वर पिवळट चिकट मळ.

“काय झालं?” माझ्या बायकोनं, कोंडाबाईनं विचारलं.

“कुठं काय?”

“मंग घाम कशाचा आलाय?”

मी दाखवलं. ती म्हणाली, “आल्यावर सांगून टाका. त्यो काय खातोय का तुमाला?”

“खात न्हाई. काईच बोलत न्हाई त्यो. त्येचंच भ्याव हाय.”

साडेआठ वाजले होते. बारीक पेचकस माझ्याकडं होता, पण भिंगाभोवतीच्या गोल पट्टीला तो लावायला जागाच नव्हती. जुन्या स्लिपरच्या रबराचा गोल तुकडा कापला, दाबून फिरवला, तेव्हा पट्टी सुटली. आत तिळाएवढे तीन स्क्रू. ते काढून ताटलीत ठेवले. रेशनचं रॉकेल बंद होऊन वर्षं झाली, तरी कोंडाबाईनं एक बाटली राखली होती. तिच्यात वात भिजवून कड्याच्या फटीत थेंब सोडले. आता थांबायचं होतं, आणि तेच जमेना. बसलो, उठलो, फाटकापर्यंत जाऊन रस्ता बघून आलो. कडं पिळलं. काही नाही. पुन्हा फाटक.

तिसऱ्यांदा ते केसभर सरकलं. मला एवढा आनंद झाला की मी फिरवतच राहिलो आणि नळी सबंध हातात आली.

आत पाहिलं तर नळी बसायचा आटा एक नव्हता, शेजारी शेजारी सहा होते, आणि चुकीच्या आट्यात बसली तर चित्र साफ होणार नव्हतं. नळी कुठल्या आट्यातून सुटली त्याची खूण मी केली नव्हती. कानाला खूण केल्याशिवाय मी कोकरू कळपात सोडत नाही, आणि इथं मोकळ्या हातानं फिरवत बसलो.

आटे पुसले. रंगनाथ मागचं झाकण उघडून फिल्मच्या जागी बटर पेपर लावायचा, त्यावर चित्र उलटं पडायचं. तो कागद कॅमेऱ्याच्या कातडी कव्हरच्या कप्प्यात अजून होता. मी डोक्यावरून घोंगडी घेतली, बांधावरच्या बाभळीकडं नळी धरली. पहिल्या आट्यात धूसर. दुसऱ्यात धूसर. सहाही झाले, सगळीकडं धूसर. मग ध्यानात आलं, हल्ली कोंडाबाईचं तोंडही मला असंच दिसतं. मोतीबिंदू.

“अगं, इकडं ये. ह्येच्यात बघ.”

“मला काय कळतंय त्यातलं?”

“बाभळीच्या फांद्या अलग अलग दिसतात का, तेवढं सांग.”

ती घोंगडीत शिरली.

“अवो, बाभळ उलटी हाय.”

“उलटीच असती. फांद्या सांग.”

“आन शेळी आभाळात चरायलीय.”

“फांद्या!”

“वरडू नका. लापशी झालीय सगळी.”

नळी काढली, पुढच्या आट्यात घातली. लापशी. पुन्हा काढली. चौथ्या खेपेला ती म्हणाली, “दिसायल्यात. वर बसलेला होला सुदिक दिसायलाय.”

दोन स्क्रू बसवले. तिसरा ताटलीत नव्हता. जमीन हातानं चाचपली, तोवर एसटीचा हॉर्न वाजला.

रंगनाथ पाणी प्याला, चहा प्याला आणि मग त्यानं कॅमेरा हातात घेतला. कडं फिरवलं. बोट नाकाशी नेलं.

“रॉकेल?”

मी सगळं सांगितलं. घोंगडीपासून हरवलेल्या स्क्रूपर्यंत.

“सुटायच्या आधी खूण केली होती का?”

“न्हाई.”

तो गप्प झाला. ज्याला भीत होतो तेच. त्यानं कोंडाबाईला ओट्यावर बसवलं, पावलं मोजून दहा फूट मागं गेला, कागद लावला, माझीच घोंगडी डोक्यावर घेतली. मी खांबाला धरून उभा होतो. शेवटी तो बाहेर आला.

“कड्यावरचे अंतराचे आकडे सरकलेत. दहा फुटाला बारावर धरावं लागतंय.” त्यानं माझा पेचकस घेतला आणि कड्यावर नवी रेघ ओढली. “आतून कुणी बघितलं होतं?”

“म्या,” कोंडाबाई म्हणाली.

“डोळा बरा हाय वहिनी तुमचा.”

“बराच होता भावजी. नवरा बघताना कुठं गेला होता कुणाला ठाव.”

रंगनाथ हसला. मला हसू आलं नाही.

दोनच्या गाडीला निघताना त्यानं कॅमेरा कापडी पिशवीत घातला. पुन्हा माझ्याकडं ठेवशील का, हे मी विचारलं नाही. गाडीच्या पायरीवर चढता चढता त्यानं कातडी कव्हर माझ्या हातात दिलं.

“ह्येला बुरशी आलीय. उन्हात घाल. परत आणीन तवा लागंल.”

“परत?”

“पुण्यात ह्येला इचारतंय कोण? पण आता घोंगडीत न्हाई ठेवायचा.”

घरी येऊन कव्हर कुडावर टाकलं. ह्या अंगावरून त्या अंगावर केलं. आत गेलो, बाहेर आलो, पुन्हा उलटं केलं. उद्या जावळात नव्या रेघेवर धरायचं ध्यानात राहील का त्याच्या?

कोंडाबाई चुलीपुढून ओरडली, “भाकर न्हाई ती, सारखी उलथायला!”