लुब्से तळ्यावरची कपड्यांची गाडी

नाक मुरडू नका, मित्रांनो! मी जुनी आहे, माझा निळा रंग जागोजागी उडाला आहे आणि माझ्या फळ्यांतून अजून तळ्याचे पाणी ठिबकते आहे, हे सगळे मला मान्य आहे. पण गेल्या गुरुवारी जे घडले ते सांगितल्याशिवाय मला चैन पडायचे नाही. दोन उन्हाळे मी ज्या गोष्टीची वाट पाहत होते ती घडली. आणि घडली ती अशी, की अख्खे गाव अजून पोट धरून हसते आहे.

मी एक लाकडी हातगाडी आहे. चार चाके, ओढायला लांब दांडा आणि वर करडी ताडपत्री. लुब्से तळ्याकाठच्या एका सुताराने मला आणि माझ्या बहिणीला एकाच झाडाच्या लाकडातून घडवले आणि एकाच डब्यातल्या रंगाने रंगवले. बहीण गेली गावच्या अग्निशमन दलाकडे. मी आधी बटाटे वाहिले. बटाटा हा फार अबोल प्रवासी, त्यामुळे त्या वर्षांबद्दल सांगण्यासारखे काही नाही. मग मला ‘ऊन-वारा मंडळा’ने विकत घेतले आणि माझे नशीब उघडले.

या मंडळातली माणसे ऊन पडले की कपडे काढून ठेवतात. तशीच पोहतात, चेंडू खेळतात, पत्ते कुटतात, बटाट्याची कोशिंबीर कालवतात आणि मीठ कमी पडले म्हणून भांडतात. आमच्या तळ्यावर याचे नवल कोणाला नाही, आजोबा-पणजोबांपासून चालत आले आहे. काढलेले कपडे ठेवायचे कुठे? तर माझ्यात. त्यामुळे मी माणसे ओळखते ती कपड्यांवरून. निवृत्त न्यायाधीश एकहार्टची कडक इस्त्रीची विजार आणि जन्मभर ट्रॅक्टर चालवलेल्या गुड्रूनचा फुलाफुलांचा फ्रॉक माझ्या पोटात एकमेकांना बिलगून झोपतात. अहो-जाहोसुद्धा कपड्यांबरोबर माझ्यातच पडते. काठावर सगळे एकमेकांना ‘तू’ म्हणतात, न्यायाधीशालाही.

मंडळाचे नियम थोडे पण पक्के. बसायचे ते आपापल्या टॉवेलवर. फोन काठावर आणायचा नाही, तो माझ्यात ठेवायचा, म्हणजे फोटोची भानगड नको. आणि जो सॉसेज भाजेल त्याने एप्रन घालायचा, कारण तेल कोणाची गय करत नाही. मंडळाला मंजूर असलेला हा एकमेव कपडा.

किती उन्हाळे, किती सहली! जुलैत होड्यांनी बेटावर जायचे. ऑगस्टमध्ये रानात भटकंती, पायात बूट, डोक्यावर टोपी आणि मध्ये काही नाही. मागून मी सगळ्यांचे स्वेटर घेऊन खडखडत जायचे. शेजारच्या तळ्यावरच्या मंडळाशी दरवर्षी व्हॉलीबॉलचा सामना व्हायचा. आमची माणसे दरवर्षी हरत आणि जिंकल्यासारखी नाचत. मधली काही वर्षे मात्र वाईट गेली. मंडळाने दुकानातून प्लॅस्टिकची गाडी आणली आणि मला कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी टाकले. कोंबड्यांनी माझे जे केले ते मी सांगत नाही. प्लॅस्टिकच्या गाडीचे चाक वाळूत निखळले तेव्हा गुड्रूनने मला बाहेर काढले, घासूनपुसून धुतले आणि फुटलेल्या डाव्या फळीवर लोखंडी पट्टी ठोकली. “म्हातारे,” ती म्हणाली, “तुझ्यासारखी तूच.” त्या दिवशी मी किती फुलले होते म्हणून सांगू!

आता विब्केबद्दल सांगते. ती मंडळातली सगळ्यात पटाईत पोहणारी. गावातल्या निम्म्या लोकांना तिनेच पोहायला शिकवले आहे. मे महिन्यात वर्षाची पहिली डुबकी असते, तेव्हा पाणी बर्फासारखे असते आणि बाकीचे घोट्यापर्यंत जाऊन किंचाळत परत येतात. विब्के मात्र सरळ सूर मारायची. तीन वर्षांपूर्वी तिला कर्करोग झाला आणि एका बाजूचा स्तन काढावा लागला. ती बरी झाली, पण तळ्यावर आली नाही. पहिला उन्हाळा गेला. दुसऱ्या उन्हाळ्यात एकदा आली, पिवळ्या आंघोळीच्या झग्यात, आणि दिवसभर तशीच बाकावर बसून राहिली.

माझ्याशेजारीच ती गुड्रूनशी बोलली होती. “एका बाजूला नुसती शिवण आहे, गुड्रून. मला आरशात बघवत नाही, मग लोकांसमोर कशी येऊ?”

“नको येऊस,” गुड्रून म्हणाली. “झग्यात बस. कोशिंबीर झग्यातही खाता येते.”

त्या दिवसापासून गुड्रून माझ्यात कपडे रचताना उजवा कोपरा मोकळा ठेवू लागली. कोणी तिथे काही टाकले तर ओरडायची, “ती विब्केची जागा आहे.” पण झगा काही त्या कोपऱ्यात आला नाही. मला रोज वाटायचे, आज येईल. उद्या येईल. तिचे पोहणे कायमचे सुटते की काय, ही एकच काळजी माझ्या लाकडाला पोखरत होती.

आणि गुरुवार उजाडला! येशू स्वर्गात गेला त्या स्वर्गारोहणाचा सण, आणि त्याच दिवशी आमची पहिली डुबकी. या सणाला आमच्याकडचे पुरुष हातगाडीत बिअर भरून दिवसभर रानोमाळ भटकतात आणि त्याला परंपरा म्हणतात. ऊन काय सुरेख पडले होते! माणसे भराभर आली, कपडे धपाधप माझ्यात पडले, वर फोन, किल्ल्या, चष्मे. विब्केही आली, पिवळ्या झग्यात. गुड्रूनने ताडपत्री ओढली आणि नेहमीप्रमाणे मला वाळूच्या अलीकडे, पाइनच्या झाडांखाली वाटेवर उभे केले.

थोड्या वेळाने अग्निशमन दलाची पुरुष मंडळी गात गात आली. पुढे त्यांचा प्रमुख हार्टमुट, आणि त्याच्या हाती माझी बहीण, बिअरने गच्च भरलेली, वर माझ्यासारखीच करडी ताडपत्री. त्यांनी तिला माझ्याशेजारी उभे केले आणि सगळे झाडांआड गेले. का गेले ते बिअर प्यायलेल्यांना विचारा. परत आले, हार्टमुटने दांडा धरला आणि चालू लागला.

दांडा माझा होता!

मी चाके कुरकुरवली, कण्हले, पण गाडीचे कण्हणे कोण मनावर घेतो? मला तळ्याला वळसा घालून पलीकडे, होड्या पाण्यात सोडायच्या उतारावर नेले.

इकडे काठावर काय झाले ते मला नंतर कळले. आठवड्याभरात ते इतक्यांदा सांगून झाले आहे की मला पाठच आहे. एकहार्ट चष्मा घ्यायला गेला, ताडपत्री उचलली आणि ओरडला, “आपल्या विजारींची बिअर झाली!”

सगळे धावले. फोन माझ्यात, घरांच्या किल्ल्या माझ्यात. अंगावर कपडा असलेली माणसे दोनच. एकहार्ट एप्रनमध्ये होता.

“मी जातो,” तो म्हणाला. “मी व्यवस्थित झाकलेला आहे.”

“पुढून,” गुड्रून म्हणाली. “वळलास की काय करशील? गावभर उलटा चालणार आहेस का?”

मग सगळ्यांच्या माना हळूहळू विब्केकडे वळल्या. आजवर त्या झग्याकडे कोणी मुद्दाम पाहिले नव्हते. आता सगळे त्याच्याकडे आशेने पाहत होते. विब्के मोठ्याने हसली. बऱ्याच महिन्यांनी हसली, असे गुड्रून म्हणते. “बघा, माझ्या झग्याला नावं ठेवत होतात ना मनात?” असे म्हणून ती झग्याला गाठ मारून अनवाणी पळत सुटली.

ही मंडळी दरवर्षी उतारावरच बिअर उघडतात, हे तिला ठाऊक होते. ती रानातल्या जवळच्या वाटेने तिथे पोचली तेव्हा हार्टमुट माझी ताडपत्री काढत होता. त्याने आत हात घातला आणि बाटलीऐवजी फुलाफुलांचा फ्रॉक बाहेर काढला.

“हे काय?” तो पुटपुटला. “हा तर माझ्या सासूबाईंचा फ्रॉक!”

गुड्रून म्हणजे त्याची सासू, हे सांगायचे राहिलेच.

“मग सासूबाई आत्ता कशात आहेत?” एकाने विचारले.

“कशातच नाहीत,” धापा टाकत विब्के म्हणाली.

हार्टमुटला हा विचार पेलवला नाही. त्याने दोन्ही हात डोक्याला लावले. म्हणजेच माझा दांडा सोडला.

उतार ओला होता. मी निघाले! चाके गरगरली, कोणीतरी “धरा, धरा” ओरडले, आणि मी धाडकन पाण्यात. काय ते थंडगार पाणी! लाकूड असल्याने मी तरंगले खरी, पण पाठीवर वारा होता, मी आत आत जाऊ लागले, कपडे पाणी पिऊ लागले आणि मी इंचाइंचाने बुडू लागले. मला वाटले, संपले. बटाटे, कोंबड्या, एवढे सगळे सोसून शेवट तळाशी, पंचवीस विजारींसकट.

दोन-तीन जण बूट काढू लागले. तेवढ्यात विब्केचा आवाज कडाडला, तोच शिकवणीतला आवाज. “कोणी पाण्यात उतरायचं नाही! पिऊन पोहणारा बुडतो, किती वेळा सांगितलंय? हार्टमुट, मागे हो!”

हार्टमुट शाळकरी पोरासारखा मागे झाला. आणि विब्केने गाठ सोडली. झगा उतारावर पडला, तिने दोन ढांगा टाकल्या आणि सूर मारला.

मित्रांनो, मी तिला पाण्यात माझ्याकडे येताना पाहिले. एका बाजूला छाती, दुसऱ्या बाजूला आडवी फिकट रेघ. माझ्या डाव्या फळीवर जशी पट्टी आहे तशी. तिला त्याचे भान नव्हते. तिने माझा दांडा पकडला, माझ्याकडे पाहून म्हणाली, “चल गं बाई, जड झालीस,” आणि पाय मारू लागली. वारा समोरच्या काठाकडे होता. वाऱ्याविरुद्ध मला परत ओढणे शक्य नव्हते. तिने वारा पाठीशी घेतला आणि सरळ मंडळाच्या काठाकडे निघाली.

काठावर आरडाओरडा झाला. “आली! गाडी आली!” एकहार्ट एप्रनसकट कमरेएवढ्या पाण्यात शिरला, बाकीचे मागोमाग. मे महिन्याच्या पाण्यात एवढी माणसे प्रथमच उतरली असतील. सगळ्यांनी मिळून मला वाळूवर ओढले. विब्के पाण्यातून वर आली आणि उभी राहिली, आहे तशी. तेव्हाच बहुधा तिला आठवले. तिचा हात छातीकडे गेला.

कोणी टक लावून पाहिले नाही, कोणी नजर चुकवलीही नाही. गुड्रूनने नेहमीच्या सुरात विचारले, “पाणी कसंय?”

“मस्त आहे,” विब्के म्हणाली. तिचे दात वाजत होते. हात मात्र खाली आला.

मग जी धमाल झाली! ओले कपडे दोरीवर, झाडांवर, बाकांवर वाळत पडले. फोन किती वाचले ते विचारू नका. माझ्या बहिणीच्या पोटातली बिअर नुकसानभरपाई म्हणून जप्त झाली. जप्तीचा हुकूम न्यायाधीशांनी एप्रनमध्ये दिला.

तासाभराने अग्निशमन दल तळ्याला वळसा घालून आले, बिचारे चोरासारखे. हार्टमुट आभाळाकडे तोंड करून उभा राहिला.

“या जावईबापू,” गुड्रून म्हणाली. “माझा फ्रॉक शोधताय?”

“सासूबाई, आज ढग काय छान आहेत,” हार्टमुट म्हणाला. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता.

त्याच्या हातात पिवळा झगा होता, नीट घडी घातलेला. त्याने तो चाचपडत पुढे केला. “विब्के, तुझा झगा. तू... तू आमच्यासमोर... म्हणजे फार छान पोहलीस.”

मित्रांनो, माझे तुमच्यापाशी मागणे मोठे नाही. जुन्या गाड्या खुराड्याशेजारी टाकू नका, त्यांच्या चाकांना वर्षातून एकदा तेल घाला. आणि कोणी काठावर बसून राहिले असेल तर त्याला ढकलू नका, ओढू नका, फक्त त्याची जागा कोणाला देऊ नका. आमच्या गुड्रूनने एवढेच केले होते.

हार्टमुटने झगा पुढे केला तेव्हा विब्के व्हॉलीबॉलच्या जाळ्यापाशी होती. चेंडू तिच्याकडे येत होता आणि तिचे दोन्ही हात वर होते. तिने मान वळवून झग्याकडे पाहिले.

“ठेव गाडीत,” ती म्हणाली. “उजव्या कोपऱ्यात जागा आहे.”