वाळूच्या पोत्याच्या जागी मी

मी इंजिन बोलतोय. माझा आवाज मोठा आहे. कानांत बोळे घालायचे तर खुशाल घाला. पण मला अपशकुनी म्हणालात, तर ऐकून घेणार नाही.

माझा जन्म भट्टीतला. वितळलेला धातू साच्यात ओतला आणि मी झालो. पुढे एका छोट्या मोटारीत बरीच वर्षं राबलो. मोटार गंजली, तसा भंगारात जाऊन पडलो.

तिथून मला दोघा भावांतल्या थोरल्याने उचललं. तो सुतार. घरामागच्या शेडमध्ये लाकूड आणि कापड वापरून तो विमान बांधत होता.

"पंख तर फुटले. अंडी कधी देणार?" शेजारी विचारायचा.

"उबवायला तुम्ही या," थोरला म्हणायचा.

त्याने मला सुटं केलं आणि माझा एकेक भाग आईच्या पातेल्यात रॉकेलने धुतला. "कार्ट्या, त्यात दूध तापवते मी!" आई ओरडली. थोरला हसत सुटला, आणि धाकट्याने ते पातेलं घेऊन धूम ठोकली.

विमानाला पुढे एक चाक, मागे दोन. नाकात इंजिन नसलं की ते बुडावर बसायचं. म्हणून थोरल्याने माझ्या वजनाइतकी वाळू पोत्यात भरून ते पोतं नाकाला टांगलं होतं. "बसच्या सीटवर रुमाल टाकतात ना, तशी तुझी जागा धरलीय," असं तो मला म्हणाला.

मग मला बसवायचे बोल्ट आणायला तो मोटारसायकलवरून गेला. परतताना वळणावर ट्रकने त्याला उडवलं. बोल्ट त्याच्या खिशातच होते.

भेटायला आलेले लोक माझ्याकडे बोट दाखवायचे. "हे धूड घरात आलं आणि पोरगा गेला." अरे, मी माणूस खात नाही, पेट्रोल खातो! ट्रकवाल्याला कुणी बोललं नाही. सगळ्यांना मीच सापडलो.

आईलाही ते पटलं. "विमान फोडा, इंजिन विका," ती म्हणाली. भंगारवाला सकाळी येणार, असं ठरलं.

सकाळी धाकटा पेटून उठला. त्याने मला साखळीने वर चढवलं आणि रागाच्या भरात पोत्याची दोरीच कापली. आधी शेपटीखाली टेकू द्यायचा असतो, हे त्याला कुठलं सुचायला! धाडकन शेपूट खाली, नाक आभाळाकडे. मी आपला साखळीला लोंबकळतोय.

आवाज ऐकून आई धावत आली. थोरल्याने भरलेली वाळू जमिनीवर पसरली होती. ती बघतच राहिली.

"काय चाललंय हे?"

"विमानाला इंजिन बसवतोय."

"विमानच बसलंय. बुडावर."

धाकट्याला रडू फुटलं. "एकट्याने नाही होत, आई. शेपूट धरायला कुणीतरी लागतं. दादा असता तर..."

आईने पदर खोचला. मागे गेली, वाकली आणि शेपूट खांद्यावर घेतली. नाक खाली आलं.

"बघतोस काय? हात चालव! खांदा आहे माझा, खांब नव्हे."

धाकट्याने खिशातून बोल्ट काढले. थोरल्याच्या खिशातून आलेले तेच. भोकं जुळेनात. मी जरा डावीकडे सरकलो. सरकलोच, कुणी काही म्हणो. एकेक बोल्ट आत गेला.

"मावशी, माल कुठाय?" दारातून भंगारवाल्याने विचारलं.

"लागला कामाला," आई शेपटीखालून म्हणाली. "तुम्हीही लागा."

मग तिने हळूच खांदा काढून घेतला. हात मात्र खाली तसाच धरून ठेवला. शेपूट जागची हलली नाही. तिचा भार मी पेलला होता.

अजून उडालो नाही. चाचण्या व्हायच्यात, परवानगी यायचीय. पण काल धाकट्याने मला चालू केलं. शेजाऱ्याने खिडकी लावून घेतली. लाव बाबा! आई शेडच्या दारात उभी होती. तिने कान झाकले नाहीत.

थोरल्याची जागा मी भरणार नाही. तेवढं माझं वजनच नाही. पण त्याचं विमान आता पुन्हा बुडावर बसणार नाही. बसवून दाखवा.