रुक्मिणीच्या घरचं अस्वल

आकुर्डीत शिलाई मशीन पहिल्यांदा आलं ते गोजाबाईच्या ओसरीवर. तेव्हापासून गावातल्या बायकांची बैठक तिथंच. कुणी झंपर शिवून घ्यायला यायच्या, कुणी नुसतंच चाक फिरताना बघायला. सासू अंबूबाई जेवायची धाकट्या लेकाकडे, भिंतीपलीकडे. पण दिवसभर बसायची थोरल्या सुनेच्या, गोजाबाईच्या मशीनपाशी.

त्या वर्षी धाकट्या जावेचा, रुक्मिणीचा भाऊ दिवाळीला येऊन गेला. तो मुंबईच्या गोदीत कामाला होता. जाताना भाच्यांसाठी जपानी अस्वल ठेवून गेला. वीतभर उंच, पत्र्याचं. पोटात बॅटरीचे सेल घालून कळ दाबली की ते पायाखालच्या चाकांवर पुढं सरकायचं आणि गळ्यातला ढोल बडवायचं.

गोजाबाईची ओसरी ओस पडली. हसण्याखिदळण्याचे आवाज भिंतीपलीकडून येऊ लागले. अंबूबाईनंही बस्तान तिकडंच हलवलं.

"तू बी ये की बघाया," ती गोजाबाईला म्हणाली. "जीव हाय गं त्याच्यात, जीव!"

गोजाबाई गेली. अस्वल पायाशी आलं तसा तिनं सहज हात पुढं केला.

"हात नका लावू आक्का," रुक्मिणी पटकन म्हणाली. "लई नाजूक हाय ते."

गोजाबाईनं हात मागं घेतला. घरी येऊन मशीनवर बसली, पण टीप सरळ येईना. उभा जन्म सुईदोऱ्यात गेला, आणि मला ही नाजूक काय ते सांगते!

बाजाराच्या दिवशी रुक्मिणी पोरांना घेऊन चिंचवडला गेली. अंबूबाईचा डोळा लागला होता. गोजाबाईनं रुक्मिणीच्या फडताळातलं अस्वल पदराखाली घेतलं आणि आपल्या घरात येऊन कडी लावली. त्यात जीव नाही, एवढंच तिला बघायचं होतं.

पत्र्याच्या कडा बारीक जिभा दुमडून जोडल्या होत्या. कात्रीच्या टोकानं तिनं त्या एकेक उचलल्या. मशीनच्या पेचकसानं स्क्रू काढले. आत सुपारीएवढी मोटार, पितळी दातेरी चाकं, आणि हात ओढणारी वाकडी तार. चाक फिरलं की तार ओढली जायची, तार ओढली की हात खाली. तिच्या मशीनसारखंच.

'एवढंच?' तिला वाटलं. पण हायसं वाटायच्या ऐवजी आत आणखीच जळलं. किती नेटकं बसवलं होतं कुणीतरी! आणि ते रुक्मिणीच्या घरात. तिला तर ते उघडून बघायचंही सुचलं नसतं.

मोटार उचलताना तिच्या दोन्ही वायरी सुटल्या. गोजाबाईनं त्या पीळ देऊन परत अडकवल्या, चाकं बसवली, जिभा दुमडल्या. आवाजानं सासू उठेल म्हणून कळ दाबून बघितली नाही, अस्वल गुपचूप परत फडताळात ठेवून आली. नाही चाललं तरी बरंच, असंही मनात येऊन गेलं.

संध्याकाळी पलीकडे आरडाओरडा झाला. गोजाबाई हातातलं काम टाकून गेली. अस्वल ढोल बडवत बडवत उलटं चाललं होतं. बायका हसून हसून गडबडा लोळत होत्या.

रुक्मिणीही आधी चपापली होती. मग मान उंचावून म्हणाली, "दादा म्हनलाच व्हता, ह्याच्यात आनखी एक खेळ हाय म्हनून."

आता तर निगडीहून माणसं येऊ लागली. ज्याच्या त्याच्या तोंडी रुक्मिणीचा दादा. एका दुपारी अंबूबाई सगळ्यांदेखत म्हणाली, "डोकं हाय बाई त्या पोराला. आमच्या घरात न्हाई असं कुणी."

गोजाबाईला राहवलं नाही. "तिच्या दादानं न्हाई, म्या केलंय त्ये!"

सगळ्या माना तिच्याकडं वळल्या.

"तुमी?" रुक्मिणीचा चेहरा उतरला. "माझ्या फडताळात हात घातलासा?"

"व्हय."

"मंग सरळ करून दाव," अंबूबाई म्हणाली.

वायरी हिकडच्या तिकडं झाल्या असणार, हे गोजाबाईनं मनाशी कधीच ताडलं होतं. तिनं पेचकस आणला. सगळ्यांसमोर अस्वल उघडलं, वायरींची अदलाबदल केली, बंद केलं. कळ दाबताच ते पुढं निघालं.

"अगं गोजे, बाप्यांवर कडी केलीस की!" कुणीतरी ओरडलं. बायकांनी तिला गराडा घातला. पुन्हा उघडून दाव म्हणाल्या. अंबूबाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला.

रुक्मिणीनं अस्वल उचललं, सेल काढून खिडकीत ठेवले.

"तुमच्याकडं मशीन हाय, आक्का," ती हळूच म्हणाली. "लोकं हायेत. माझ्याकडं तेवढंच एक व्हतं."

दुसऱ्या दिवशी गोजाबाईची ओसरी भरली. ती सगळ्यांशी बोलत होती, पण कान भिंतीपलीकडे होता. तिकडं काही वाजलं नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही.

शेवटी ती स्वतःच गेली. रुक्मिणी तांदूळ निवडत होती.

"अस्वल का गं लावत न्हाईस?"

"सेल संपलं," रुक्मिणी मान वर न करता म्हणाली.

त्या दिवशी अस्वलातून काढलेले चालते सेल खिडकीत तसेच पडले होते. गोजाबाईनं ते बघितले आणि ती उंबऱ्याशीच उभी राहिली.