निवायला ठेवलेल्या सात जणी

"रेज, त्या विटेला हात लावलास तर कोपरापासून तोडीन," कोरल मला म्हणाली.

भट्टीच्या विटा रचून लिंपलेल्या दारासमोर उलट्या बादलीवर ती पाच दिवस बसून होती. वय एकाहत्तर, दोन्ही गुडघे गेलेले. आमच्या पाइप कारखान्यात अडतीस वर्षं तिनं गटाराच्या पाइपांच्या कडा तासल्या. कलाकार म्हणून तिला कुणी विचारत नव्हतं. गावातल्या अर्ध्या संडासांखाली मात्र तिचाच हात फिरलेला होता.

कारखाना बंद पडला तेव्हा तिनं उरलेली माती मागून घेतली आणि दोन वर्षं खपून सात बायका उभ्या केल्या. एकेक माणसाहून हातभर उंच, आतून पोकळ, पाइपासारख्याच. कडा तासायच्या शेडमधल्या तिच्या सोबतिणी. सहा जणी फुप्फुसात धूळ भरून मेल्या, कंपनीनं फुलंसुद्धा पाठवली नाहीत. सातवी ती स्वतः. मातीची खाण आता पाण्याखाली गेलीय. हे काम पुन्हा होणार नव्हतं. साती जणी भाजून झाल्या होत्या आणि बंद भट्टीत निवत होत्या.

"भट्टीचा काटा नव्वद अंश दाखवतोय," ट्रेंट म्हणाला. हा काउन्सिलचा माणूस, बुटांना माती लागू न देता चालणारा. "दुपारी मेलबर्नहून मंत्रीबाई येतायत, कोरल. त्यांना काय बंद दार दाखवू?"

"दाखव की. तुझ्या थोबाडापेक्षा देखणं आहे."

"काटा खोटं बोलतो का?"

"काटा छताला आहे, बाळा. माझ्या बायकांचे पाय जमिनीला आहेत, आणि चार बोटं जाड आहेत."

मी बत्तीस वर्षं ही भट्टी पेटवली. आमची रीत साधी. दारातल्या भोकातून वर्तमानपत्राची सुरळी आत सारायची, कपभर चहा प्यायचा, सुरळी बाहेर ओढायची. कागद तांबूस झाला असेल तर दाराला शिवायचं नाही, गार हवा लागली की आतली माती तडकते. त्या सकाळी कागद तांबूस आला होता. तिनं पाहिला होता. मीही पाहिला होता.

ट्रेंटनं मला बाजूला घेतलं. "आज बाईंना काही दिसलं नाही, तर सोमवारी बुलडोझर येतोय. भट्टी जाईल. तुझी भट्टी, रेज."

कोरल संडासला गेली. गुडघ्यांमुळे तिला वेळ लागायचा, हे मला पक्कं ठाऊक होतं.

मी वरच्या ओळीतल्या चार विटा काढल्या. नुसतं डोकवायला, असं मनाला सांगितलं. हलकट माणूस मनाला असंच काहीतरी सांगतो.

दक्षिणेचा गार वारा सुटला होता. तो माझ्या खांद्यावरून आत शिरला. क्षणभर काहीच नाही. मग आतून टण्ण आवाज आला, ताणलेली तार तुटावी तसा. मग दुसरा.

वळलो तर कोरल मागे उभी. बादली फेकून मारेल असं वाटलं. मारली असती तर बरं झालं असतं.

"किती?" तिनं विचारलं.

"दोन."

"पहिला जाड होता. पायातला. ती मी असणार. दारापाशी मीच उभी होते." तिनं बाह्या वर सारल्या. "दुसरी कोण, ते कळेल."

"कोरल, मी..."

"तोंड मिट. वीट दे."

"हात भाजतील तुझे."

"दे म्हणते ना!"

तिनं चारही विटा परत बसवल्या. मी बादलीत चिखल कालवला. ट्रेंट धावत आला. "अहो, गाडी फाटकात शिरली! हे काय करताय?"

"येऊ दे," कोरल म्हणाली. "सांग त्यांना, आत पाच जणी अजून निवतायत."

मंत्रीबाई आल्या, फोटोवाले आले. कोरलनं मागे वळून पाहिलं नाही. ती सांध्यात चिखल भरत होती आणि अंगठ्यानं कड गुळगुळीत करत होती, अडतीस वर्षं केली तशीच. मी बादली धरून उभा होतो.

आत पुन्हा टण्ण झालं.

तिचा अंगठा थांबला. मग पुढच्या सांध्यावर सरकला.