आधी खटका, मग किल्ल्या

मी वीजपट्टी बोलतेय. नाव ऐकून नाक मुरडू नका. तुमच्या घरी टीव्हीमागे एक्स्टेन्शनची पट्टी धूळ खात पडलेली असते ना, तिची मी शिकलेली बहीण. तिच्या खटक्यांना माणसाचं बोट लागतं, माझे खटके तारेवरून आलेल्या हुकमाने पडतात. एका मोठ्या इस्पितळाच्या तळघरात, सर्व्हरच्या कपाटामागे मी उभी असते. हुकूम आला की वीज तोडायची, एवढंच माझं काम. थोडक्यात, मी या घरातली मारेकरी.

कारखान्यात जन्मले तेव्हा एका बाईने मला दिवा जोडून तपासलं. लाव, तोड, लाव, तोड. शेवटी म्हणाली, हिचा हात साफ आहे. आयुष्यात माझं झालेलं कौतुक तेवढंच. इथे आले आणि सुरुवातीला माझ्यावर चहाची किटली आणि ज्याचे त्याचे फोन लागायचे. एवढं शिकून किटली उकळायची, याचं मला फार वाईट वाटे.

मग एक इंजिनियर बाई आल्या. त्यांनी किटली हाकलली आणि दोन सर्व्हर माझ्यावर जोडले. मी त्यांना थोरली जाऊ आणि धाकटी जाऊ म्हणते. यांच्या अंगावर व्हर्च्युअल मशीन चालतात, म्हणजे स्वतःचं अंग नसलेले भाडेकरू. त्यातला मोठ्या मानाचा भाडेकरू रोग्यांच्या औषधांच्या नोंदी सांभाळतो. तो राहायचा थोरलीकडे. नोंद झाली की थोरली ती लिहून ठेवायची आणि त्याच दमात धाकटीला नक्कल पाठवायची. थोरली पडलीच, तर धाकटीने भाडेकरूला आपल्याकडे उभं करायचं. वॉर्डातल्या सिस्टरला पत्ताही लागायला नको.

सोपं वाटतं ना? पण गप्प झालेली जाऊ मेली आहे की नुसती मधली केबल निसटली आहे, हे धाकटीला कसं कळावं? थोरली तिकडे खुशाल संसार करत असेल आणि इकडे हिनेही किल्ल्या कमरेला खोचल्या, तर एका म्यानात दोन तलवारी. रोगी एक आणि त्याची औषधं दोन जागी.

म्हणून त्या बाईंनी संगणक विभागाच्या साहेबांना नियम समजावला. शंका आली की आधी थोरलीची वीज तोडायची, मगच किल्ल्या घ्यायच्या. ती जिवंत असली तरीही. मेल्याची खात्री करायचा दुसरा भरवशाचा मार्ग नाही. याला त्यांच्या धंद्यात फेन्सिंग म्हणतात. साहेबांनी मान हलवली. मान हलवायला काही वीज लागत नाही.

एके दिवशी थोरली गप्प झाली. धाकटीने हुकूम सोडला, मी खटका पाडला. सिस्टरने खिशातलं पेन शोधेपर्यंत सगळं पुन्हा सुरळीत. मी कौतुकाची वाट पाहत होते. साहेब आले ते लालबुंद होऊन. तपासाअंती निघालं असं की थोरली ठणठणीत होती, केबल सैल होती. म्हणजे चांगली धडधाकट मशीन मी मारली! बैठक बसली. केबलला कुणी काही विचारलं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी.

ठरलं असं की जीव घेण्याचा अधिकार पट्टीला नको, माणसाला हवा. माझी हुकमाची तार उपटून कपाटाला चिकटपट्टीने चिकटवली. यापुढे एखादी जाऊ गप्प झाली की पडद्यावर प्रश्न येणार: 'दुसरी मशीन बंद असल्याची खात्री केली आहे का?' माणसाने तळघरात यायचं, डोळ्यांनी बघायचं आणि मग 'हो' दाबायचं.

कागदावर नियम देखणा होता. पण माणसाची खोड मला ठाऊक झाली आहे. पडद्यावरचा प्रश्न त्याला माशीसारखा वाटतो आणि 'हो' म्हटलं की माशी उडते. तंत्रज्ञ दादा सुरुवातीला खरंच खाली यायचे. मग ते पहारेकऱ्याला फोन करू लागले. पहारेकरी दार किलकिलं करून सांगायचा, "शांत आहे सगळं." आणि इथे पंख्यांचा आवाज असा की शेजारच्याचं बोलणं ऐकू येऊ नये. पुढे पहारेकऱ्यालाही कोण त्रास देणार? नशीब असं की दर वेळी मशीन खरंच बंद निघाली. साहेबांना अखंड सेवेबद्दल मानपत्र मिळालं. कपाटासमोर फोटो काढला. मी मागच्या बाजूला, त्यामुळे फोटोत नाही.

अशात साहेबांच्या आई ताप आणि धाप घेऊन वरच्या वॉर्डात दाखल झाल्या. त्यांना एक इंजेक्शन मुळीच चालत नाही. अंग सुजतं, श्वास कोंडतो. साहेबांनी सकाळीच सिस्टरला ते नोंदवायला सांगितलं. सिस्टर हातातली कामं उरकून नोंदवणार होत्या.

दुपारी रंगाऱ्याने भिंत रंगवायला कपाट जरा सरकवलं आणि दोघी जावांमधली केबल निसटली. दादा रजेवर, म्हणून प्रश्न गेला साहेबांच्या फोनवर. साहेब आईला पाणी पाजत होते. त्यांनी एका हाताने पेला धरला आणि दुसऱ्या हाताने 'हो' दाबलं.

थोरली जिवंत होती. तिला वीज मीच पुरवत होते, मला ठाऊक नसेल तर कुणाला? पण माझी तार चिकटपट्टीखाली. धाकटीने किल्ल्या घेतल्या आणि घरात दोन मालकिणी झाल्या.

सिस्टरचा संगणक अजून थोरलीशी बोलत होता. साहेबांच्या आईंची, म्हणजे आजींची, नोंद तिकडे झाली. डॉक्टरांचा संगणक धाकटीकडे गेला. तिथे नोंद नव्हती, म्हणून डॉक्टरांनी नेमकं तेच इंजेक्शन लिहिलं. संध्याकाळच्या पाळीची सिस्टर सुई घेऊन आली. तिच्या पडद्यामागेही धाकटीच होती.

सुई टोचली आणि आजींचा श्वास कोंडला. डॉक्टर धावले म्हणून जीव वाचला. त्यांना ऑक्सिजनवर ठेवून साहेब खाली आले. दादाही रजेवरून धावत आले होते.

"आईची नोंद कुठे गेली?"

"कुठे नाही गेली. थोरलीकडे आहे."

"मग दोन्ही एकत्र करा ना."

"तसं होत नाही साहेब. एकीचं ठेवायचं, दुसरीचं दुपारपासूनचं पुसायचं. पुसलेलं वॉर्डातल्या कागदांवरून परत भरायचं."

खात्री कुणी केली होती, हे साहेबांनी विचारलं नाही. दादांनीही सांगितलं नाही, त्यांनीही तो 'हो' कितीदा तरी दाबला होता. धाकटीची दुपार पुसली. इस्पितळभर सिस्टर कागद घेऊन बसल्या आणि रोगी गोळ्यांची वाट बघत राहिले.

साहेब वर गेले. आजी बसक्या आवाजात म्हणाल्या, "मी सांगितलं होतं रे तिला. ती म्हणाली, आजी, इथे तसं काही नाही."

हे साहेबांनीच खाली येऊन दादांना सांगितलं. मग गुडघे टेकून त्यांनी स्वतः चिकटपट्टी सोलली आणि माझी तार जागेवर खोचली. वरातीमागून घोडं, पण आलं. परवा थोरली पुन्हा गप्प झाली, मी खटका पाडला. ती जिवंत होती का, असं या वेळी कुणी विचारलं नाही.

मला खुशाल दुष्ट म्हणा, मला सवय आहे. पण कुणी गप्प झालं तर जाऊन बघा. जाणं होत नसेल, तर बघितलं असं तरी म्हणू नका. तुमच्या त्या 'हो'ची मला फार भीती वाटते.

आजी अजून वर आहेत. त्यांची नोंद आता दोघी जावांकडे आहे, ठळक तांबड्या अक्षरांत. दादा सांगत होते, सिस्टर पडदा फिरवून आजींना ती दाखवतात. आजी वाचतात, मान हलवतात आणि तरीही हात पांघरुणाखाली घेतात.