ओल्या ओट्याची माफी

छगनलाल शेठांनी यंदा पर्युषणात अठाई केली होती. आठ दिवस पोटात अन्नाचा कण नाही. उकळलेलं पाणी तेवढं, तेही दिवस मावळायच्या आत. नंदुरबारच्या कापडबाजारात ही बातमी घरोघर गेली होती, आणि ती जावी अशी शेठांची तजवीजही होती, खोटं कशाला बोला! संवत्सरीचं, म्हणजे जैनांच्या वार्षिक क्षमापनेचं, प्रतिक्रमण आटोपून पांढऱ्याशुभ्र कपड्यांत ते उपाश्रयाच्या पायऱ्या उतरले, तेव्हा लोक वाकून नमस्कार करत होते. एवढ्या उपासानंतर माणूस घरी जाऊन आडवा होईल. शेठ मात्र निघाले एस.टी. स्टँडकडे, कारण तो त्यांचा सेवेचा वार होता.

ही सेवा सुसानाबाईंनी सुरू केली होती. नवापूरकडच्या, उभा जन्म नर्स म्हणून काढलेल्या बाई. त्यांचं म्हणणं असं, की रात्री उघड्यावर पडलेल्या माणसाला ब्लँकेट देणारे पुष्कळ भेटतात, पण शेजारी बसून नावानं विचारपूस करणारं कुणी नसतं. दर्ग्याजवळचे अय्यूबचाचा त्यांना येऊन मिळाले, मग शेठ. नियम एकच: आपला देव आपल्यापाशी ठेवायचा आणि आधी विचारायचं, तुम्ही कुणाला हाक मारता? अल्लाला म्हणाला तर चाचा दुवा मागणार, येशूला म्हणाला तर बाई प्रार्थना करणार, देवीला किंवा महादेवाला म्हणाला तर शेठ भजनाच्या दोन ओळी गाणार. कुणालाच नाही म्हणाला तर नुसतं जवळ बसायचं. हे नुसतं बसणं काही शेठांना जमत नसे. धोतराला डाग पडेल म्हणून ते उभेच राहत.

त्या रात्री पाऊस बारीक लागून राहिला होता आणि स्टँडचं छत ठिकठिकाणी गळत होतं. चाचा पलीकडच्या फलाटावर तापानं फणफणलेल्या एका हमालापाशी बसले होते. शेठ मात्र एकेकासमोर जाऊन हात जोडत चालले. मिच्छामि दुक्कडम्, वर्षभरात कळत नकळत मन दुखावलं असेल तर क्षमा करा. कुणी हात जोडले, कुणी झोपेतच मान हलवली, एकानं पेढे कधी वाटणार ते विचारलं. शेठांना फार हलकं वाटत होतं. वर्षभराचं पाप असं हातोहात उतरत असेल तर कुणाला नाही वाटणार!

शेवटी भिंतीच्या कोपऱ्यात तापीबाई होती. धानोऱ्याकडची म्हातारी, मागेपुढे कुणी नाही. छातीच्या दुखण्यानं दवाखान्यात होती, कालच तिला सोडलं होतं. सुसानाबाई तिची पाठ चोळत होत्या. शेठ येताच त्या म्हणाल्या की हिच्या अंगात पुन्हा ताप भरलाय, दवाखान्यात सकाळीच घेतील, रात्रीपुरती कोरडी जागा मिळाली तर निभेल. शेठांनी चेहरा गंभीर केला, पाहू काहीतरी म्हणाले आणि तापीबाईपुढेही हात जोडून आपलं वाक्य म्हटलं.

म्हातारीनं त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"कसानी माफी मांगतस, शेठ?"

असा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. अहो, दरवर्षी शेकडो लोकांना म्हणायचं वाक्य ते, त्याला कुठे उत्तर असतं? शेठ म्हणाले, असंच, नकळत काही घडलं असेल त्याची.

"नकळत कसं? तुमना वट्टावर रोज सांजले पानी कोन टाकस? मी तठेच आंग टाकाले येस ना."

बाजारात शेठांच्या दुकानापुढचा ओटा पत्र्याखालचा, लांबरुंद, शहरात कोरडा म्हणावा असा तेवढाच. दुकान बंद करताना त्यावर बादलीभर पाणी ओतायचं, म्हणजे रात्री कुणी अंग टाकत नाही, ही त्यांचीच युक्ती. आजूबाजूच्या चार दुकानदारांनी ती उचलली होती. आणि हा माणूस कोण, तर पाण्यातला जीव मरू नये म्हणून पाणी गाळून पिणारा!

सुसानाबाई बघत होत्या. खरं सांगायला एवढी चांगली वेळ पुन्हा आली नसती. पण शेठांच्या तोंडून निघालं ते असं:

"माले माहीत नही, बाई. पोऱ्या टाकत व्हई."

माफी मागून जोडलेले हात अजून सुटले नव्हते आणि तेवढ्यात लबाडी झाली, तीही पोटच्या पोरावर, पुनीतवर ढकलून. सुसानाबाईंना मात्र ते खरं वाटलं. भली बाई! त्यांचा चेहरा उजळला. मग तर प्रश्नच मिटला, म्हणाल्या. दुकान आज बंद, म्हणजे ओटा कोरडाच असणार. पुनीतला एकदा समजावून सांगा, पोरगा ऐकेल. आणि त्यांनी तापीबाईला उठवलंसुद्धा.

वाट दहा मिनिटांची. म्हातारी बाईंच्या खांद्यावर भार टाकून थांबत थांबत चालली होती. शेठ चार पावलं पुढे राहून पुनीतला फोन लावत होते. ओटा भिजवू नको, हे सांगायचं होतं, पण त्याहून जास्त सांगायचं होतं ते हे, की आम्ही येतोय, तू तिथून निघ. फोन कुणी उचलेना. प्रतिक्रमणाला बसताना सगळ्यांनी फोन मुके केले होते, त्यांच्याच सूचनेवरून. शेठांनी मनातल्या मनात नवकार मंत्र सुरू केला आणि मधेच बंद केला. कशासाठी म्हणतोय हे त्यांचं त्यांनाच कळलं आणि लाज वाटली.

दुकानापुढे पुनीत उभा होता, हातात रिकामी बादली. दिव्याच्या उजेडात ओटा या टोकापासून त्या टोकापर्यंत चमकत होता. बापाला पाहून त्याला आनंदच झाला. बिचाऱ्याला काय ठाऊक! तो म्हणाला, "पप्पा, सुट्टी होती तरी विसरलो नाही. तुम्ही सकाळी बजावलं होतं ना, आज बाजार बंद, लोक लवकर येऊन पडतील म्हणून."

सुसानाबाईंनी शेठांकडे एकदा पाहिलं आणि नजर काढून घेतली. त्यांनी दोन शब्द सुनावले असते तर शेठांना बरं वाटलं असतं. आठ दिवसांचा उपास, लोकांचे नमस्कार, पांढरे कपडे, सगळं त्यांना अंगावर नकोसं झालं. धरणी पोटात घेईल तर बरं, असं ते आयुष्यात पहिल्यांदा खरोखर मनाशी म्हणाले.

त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि शटर वर केलं. आत गिऱ्हाइकांची गादी, तिच्यावर कालच घातलेली नवी चादर. तिथे हिला झोपवायचं. आणि पाहा, मनात पहिला विचार आला तो चादर खराब होईल हाच! तो आला हे त्यांना स्वतःला दिसलं, आणि मघाच्या लबाडीपेक्षा त्याची लाज जास्त वाटली.

ते ओट्यावर खाली बसले. धोतर भिजलं. समोर उभ्या तापीबाईकडे मान वर करून पाहवेना, म्हणून ओल्या फरशीकडे बघत बोलले.

"पोऱ्यानी चूक नही. मीच सांगेल व्हतं. रोज मीच सांगस."

तापीबाईला खोकल्याची उबळ आली. ती ओसरेपर्यंत पुनीत बादली धरून तसाच उभा होता. मग म्हातारी पायरी चढली, शेठांच्या शेजारून आत गेली आणि गादीच्या कडेला टेकली. तिच्या लुगड्याचं पाणी चादरीवर पसरत गेलं. तिनं दम घेतला.

"आते मांगा माफी," ती म्हणाली.

शेठांनी हात जोडले. दरवर्षी शेकडो वेळा म्हटलेले ते दोन शब्द आज पहिल्यांदाच कशासाठी तरी म्हणायचे होते. म्हातारी वाट पाहत राहिली.