पत्रिकेतलं नाव

नाशिकातल्या त्या लहानशा चर्चच्या मागच्या अंगणात दर बुधवारी पट्ट्या वाळत असत. जुनी धोतरं आणि चादरी फाडून केलेल्या त्या पट्ट्या साळूबाई उकळायची, वाळवायची आणि गुंडाळून पत्र्याच्या डब्यात भरायची. गुरुवारी मंगलाबाई आणि मंडळीतल्या आणखी दोघीजणी तो डबा घेऊन एस.टी.नं खेड्यांत जात, महारोग्यांच्या जखमा धूत, गोळ्या देत. पगार कुणालाच नव्हता. मंगलाबाई शिक्षिका होत्या. सकाळची शाळा सुटली की तशाच स्टँडवर येत.

साळूबाई त्यांना अशाच एका फेरीत सापडली होती. बहात्तर साली तिच्या दंडावर चट्टा उठला आणि सायखेड्याच्या डेर्ल्यांनी, तिच्या सासरच्यांनी, तिला उसाच्या कडेला खोपीत नेऊन ठेवलं. नवरा धोंडीराम बांधावर भाकरी ठेवून जाई. नऊ वर्षांची लेक लता आधी बांधापर्यंत यायची, मग येईनाशी झाली. दोन वर्षांनी मंगलाबाई खोपीत शिरल्या, मातीतच बसल्या आणि त्यांनी तिचे पाय मांडीवर घेतले. साळूबाई रडली नाही. पायांना काही कळतच नव्हतं. दुसऱ्या कुणाचे असावेत तसे ती ते बघत राहिली.

मंगलाबाईंनी तिला नाशिकला आणलं. काही वर्षांत रोग हटला. तिच्यापासून कुणाला धोका नाही, असं डॉक्टरांनी लिहून दिलं. तो कागद घेऊन मंगलाबाई दोनदा सायखेड्याला गेल्या. दोन्ही वेळा धोंडीरामनं त्यांना चहा पाजला आणि बघू म्हणाला. साळूबाई चर्चच्या मागच्या खोलीतच राहिली.

एक्याऐंशीच्या वैशाखात तिचा भाऊ चिमाजी आला. लताचं लग्न ठरलं होतं, निफाडकडचं स्थळ होतं. त्यानं पत्रिका दिली आणि पाणीही न पिता निघून गेला. साळूबाईला वाचता येत नव्हतं. मंगलाबाई वाचायला लागल्या आणि मध्येच थांबल्या.

"वाचा की," साळूबाई म्हणाली.

मंगलाबाईंनी वाचलं. लता, कैलासवासी साळूबाई व श्री. धोंडीराम डेर्ले यांची कन्या.

साळूबाईनं पत्रिका हातात घेतली. तिचं नाव कुठं आहे ते विचारून घेतलं आणि त्यावर बोट ठेवलं. मग उरलेल्या पट्ट्या गुंडाळून डब्यात भरल्या.

लग्नाला जायचं तिनंच ठरवलं. ती आणि मंगलाबाई मांडवाच्या कडेला, पाण्याच्या पिंपाशी उभ्या राहिल्या. धोंडीरामनं लांबूनच ओळखलं आणि घाईघाईनं आला. तो ओरडला नाही. त्यानं हात जोडले. वऱ्हाडाला कळलं तर पोरगी माघारी येईल, एवढंच तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला. मंगलाबाई संतापून डॉक्टरांचा कागद काढू लागल्या. साळूबाईनं त्यांचा हात धरला.

"लतीला ठावं हाय का, काय छापलंय ते?" तिनं विचारलं.

धोंडीराम खाली बघत म्हणाला, "तिनंच सांगितलं तसं छापायला."

मंगलाष्टकं सुरू झाली तशी साळूबाईनं वाकड्या बोटांनी जमतील तेवढ्या अक्षता टाकल्या. त्या मांडवाच्या आत पोचल्या नाहीत. नवरदेवाची आई पाणी घ्यायला पिंपाशी आली. भली बाई दिसत होती. जेवल्याशिवाय जाऊ नका म्हणाली आणि तुम्ही कोण, कुठल्या, असं सहज विचारलं.

"मिशनची," साळूबाई म्हणाली. "पट्ट्या बांधते."

दोघी न जेवताच निघाल्या. परतताना मंगलाबाईच रडत होत्या. लोकांना गोळ्या दिल्या, पण त्यांच्या मनातला विटाळ तसाच ठेवला, असं त्या म्हणाल्या. मग त्यांना स्वतःचंच आठवलं. चर्चमध्ये रविवारचा चहा व्हायचा, तेव्हा साळूबाईचा कप वेगळा, खिडकीत पालथा असायचा. सात वर्षं त्या तो बघत आल्या होत्या.

त्या रविवारी मंगलाबाईंनी चहा करायला साळूबाईला सांगितलं आणि सगळ्यांदेखत पहिला कप स्वतः घेतला. चौघी प्यायल्या. दोघींना एकाएकी घरची कामं आठवली. बाकीच्यांच्या कपांतला चहा निवून गेला. साळूबाईनं तो ओतून दिला आणि कप विसळून ठेवले. वाईट वाटायला हवं होतं. तेही तिला नीटसं वाटलं नाही.

पुढच्या गुरुवारी मात्र डबा तिनंच उचलला आणि एस.टी.त मंगलाबाईंच्या शेजारी जाऊन बसली.

घोटीजवळच्या एका घरी म्हातारा दारातच आडवा आला. इथं कुणी आजारी नाही म्हणाला. मागच्या गोठ्यात कुणीतरी खोकलं. साळूबाई म्हाताऱ्याच्या बाजूनं सरळ मागं गेली. वैरणीच्या आडोशाला पंचविशीतली एक बाई तोंडावर पदर घेऊन बसली होती. साळूबाई तिच्याजवळ शेणातच बसली आणि तिनं नाव विचारलं.

"नाव कशापायी?"

"वहीत लिवायचंय."

बाईनं तोंडावरचा पदर थोडा खाली घेतला. मग म्हणाली, "कुसा."

मंगलाबाईंनी लिहून घेतलं. एवढ्यात म्हातारा काठी टेकत आला. माझ्या गोठ्यात शिरणारी तू कोण, म्हणून त्यानं दरडावलं.

साळूबाईनं कुसाचा पाय मांडीवर घेतला होता. मान वर न करता ती म्हणाली, "मी साळूबाई धोंडीराम डेर्ले. सायखेड्याची. मला हाच रोग हुता. मी जिती हाय."

लेकीचं नाव तेवढं तिनं घेतलं नाही. मग तिनं पाणी मागितलं. म्हातारा काही वेळ जागचा हलला नाही. पाणी आणायला शेवटी मंगलाबाईच उठल्या.